जुन्या बाजारात वस्तू ओळखायला शिकताना

पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एखाद्या पथारीवर गंजलेले पाने, चार्जरच्या वायरी, हात तुटलेली बाहुली आणि धान्य मोजायचं, काळं पडलेलं एक पितळी मापटं असं सगळं एकाच गोणपाटावर पडलेलं असतं. दिवसभरात शेकडो माणसं त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. मापटं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक असतं, तोच खाली बसतो. लोक याला नशीब म्हणतात. मी याला ओळख म्हणते, आणि ती कोणालाही शिकता येते. पहिल्यांदाच अशा बाजारात जाणाऱ्यांना ही ओळख कशी करून घ्यायची ते इथे लिहिते आहे.

कुठे आणि कधी जायचं

पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी गर्दी जास्त आणि बघ्यांचीही संख्या जास्त, म्हणून निवांत बघायचं असेल तर बुधवार बरा. मुंबईत चोर बाजारातला मटण स्ट्रीट दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्याच शुक्रवारी पहाटे आसपासच्या रस्त्यांवर मात्र पथाऱ्यांचा जुम्मा बाजार भरतो. दुकानदार स्वतःच तिथे माल उचलायला येतात, यावरून काय ते समजा. पहाटे जायचं असेल तर विजेरी न्यायची. जुन्या पुस्तकांसाठी हुतात्मा चौकाजवळचे आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलचे पदपथ आहेत, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर आहे. रस्त्याचं काम, पोलीस बंदोबस्त किंवा सणवार यांमुळे पथाऱ्या हलतात, म्हणून लांबून येणार असाल तर आदल्या दिवशी कोणाला तरी विचारून घ्या.

या प्रसिद्ध जागांपेक्षाही नवख्यांसाठी चांगली शाळा म्हणजे आपल्या गल्लीतलं रद्दीचं आणि भंगाराचं दुकान. तिथे गर्दी नसते, दुकानदार आपल्याला ओळखतो आणि माल थेट घरांतून आलेला असतो, मधल्या कोणी त्यातलं चांगलं उचललेलं नसतं. वाडा पाडायला काढला, बिऱ्हाड हललं, घरातलं मोठं माणूस गेलं की माळ्यावरचं सगळं आधी इथे येतं. दिवाळीच्या आधीची साफसफाई आणि मे महिन्यातल्या घरबदल्या हे दोन्ही काळ रद्दीवाल्याकडे चक्कर मारण्याचे. "पुस्तकं आणि पितळ आलं की बाजूला ठेवा, मी बघून जाईन," एवढं सांगून ठेवलं आणि सांगितल्याप्रमाणे खरंच गेलात, तर बाजारात जाण्याची गरजही कमी होते.

परदेशी असलेल्या मराठी वाचकांसाठी थोडं वेगळं. ब्रिटनमध्ये ऑक्सफॅमसारख्या संस्थांची चॅरिटी शॉप गावोगावी आहेत. तिथे लोकांनी दान केलेल्या वस्तू ठरलेल्या किमतीला विकतात, पैसे संस्थेच्या कामाला जातात आणि घासाघीस करायची नसते. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात राहून परतलेल्या कुटुंबांच्या घरांतून आपल्याकडचं पितळकाम, 'पूना' छापलेली पोस्टकार्डं आणि छावणीतले फोटो तिथे अधूनमधून येतात. पितळेच्या फळीवर आणि पोस्टकार्डांच्या खोक्यात जरूर डोकवा.

एकच विषय धरा

पहिल्या दिवशी सगळं बघा, विकत काही घेऊ नका. दुसऱ्या खेपेपासून एक विषय धरा आणि काही महिने तोच बघा. घरच्या स्वयंपाकघरात ज्या वस्तूंची नावं ऐकत मोठे झालात, तिथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. घंगाळ, तपेलं, बंब, अडकित्ता, पानाचा डबा, किसणी, शेवेचा सोऱ्या, पोळपाट ही नावं आणि त्यांचे उपयोग तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. बाहेरच्या माणसाला जे शिकायला वर्षं लागतील ते तुम्ही फुकट घेऊन निघाला आहात. निघण्यापूर्वी आजीला, आत्याला किंवा शेजारच्या काकूंना फोन करून "तुमच्याकडे पूर्वी काय काय असायचं?" एवढं विचारा. त्यांच्या उत्तरातून तुमची यादी तयार होईल.

पिशवीत थोडंच न्यायचं: एक छोटा लोहचुंबक, भिंग, मोजपट्टी, टांगून वजन करायचा काटा, ओलं फडकं, जुनी वर्तमानपत्रं आणि सुटे पैसे. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, तरी पथारीवर सुट्या नोटांना अजून वजन आहे. मोबाइलची काळजी घ्या, गर्दी असते.

तांबं, पितळ, कासं

इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण मराठी घरांतून बाजारात येणाऱ्या मालात सगळ्यात चांगलं काही असेल तर हेच.

आधी चुंबक लावा. तांबं, पितळ आणि कासं यांना तो चिकटत नाही. पितळेसारख्या दिसणाऱ्या समईला चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. चुंबक चिकटला नाही म्हणून वस्तू पितळेचीच, असंही नाही, ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतकामावरही मुलामा देतात. म्हणून वस्तू उलटी करून तळ बघा. तळ घासलेला असतो, तिथे आतला धातू दिसतो. मग वजन. हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकं लागलं तर थांबा.

मग आवाज. भांडं बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारा. काशाची वाटी बराच वेळ गुणगुणते, पितळेचा आवाज लवकर थांबतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे किंवा डाग देऊन, म्हणजे झाळून, सांधलेलं आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं कठीण पण ठिसूळ असतं, पडलं की फुटतं, त्यामुळे धड राहिलेली जुनी काशाची थाळी ही खरी मिळकत आहे. तळपायाला तेल-तूप चोळायची काशाची वाटी अजून बऱ्याचदा पितळी वाट्यांच्या ढिगात मिसळून पडलेली सापडते, कारण विकणाऱ्याने प्रत्येक वाटी वाजवून बघितलेली नसते.

त्यानंतर घडण. हाताने घडवलेल्या भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा असतात, त्याला मठारकाम म्हणतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम करणारी घराणी पेशवाईपासून आहेत. सवड काढून तिथे एकदा जाऊन या. चालू काम डोळ्यांनी बघितलं की जुनं भांडं हातात आल्यावर बोटांना ते ठोके कळतात. जुन्या मोठ्या भांड्यांचा तळ आणि अंग वेगळे घडवून जोडलेले असतात आणि त्या सांध्याची दातेरी रेघ आतल्या बाजूने दिसते. ती रेघ दिसली की आनंदाने घ्या, पण आधी पाणी भरून गळती तपासा. जवळच्या चहावाल्याकडे पाणी मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

आता बनावट जुनेपणा. पितळेच्या नव्या मूर्ती आणि दिवे आम्ल लावून काळेहिरवे करतात आणि 'वाड्यातला माल' म्हणून विकतात. वापराने आलेला काळेपणा खाचांमध्ये आणि कोपऱ्यांत असतो, आणि जिथे हात लागतो, ती कड, मूठ, कडी, तिथे धातू गुळगुळीत आणि उजळ असतो. आम्लाने आणलेला रंग सगळीकडे सारखा असतो. ओलं फडकं फिरवा. हिरवी भुकटी फडक्याला आली तर भाव निम्म्यावर आणा किंवा सोडून द्या. अडकित्त्याच्या पात्याची धार एका बाजूला जास्त झिजलेली हवी, खलबत्त्याचा तळ आतून खोलगट झालेला हवा. माणसाने वर्षानुवर्षं वापरलेली वस्तू कधी सगळीकडून सारखी झिजत नाही.

पाणी तापवायचा बंब घ्यायचा असेल तर धुराड्याची नळी, राखेची जाळी आणि तोटी हे तीन भाग तपासा. तोटी बदलता येते, नळी गळकी असेल तर खर्च मोठा. मापांचा संच मिळाला तर दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली हे गणित पाण्याने तपासून पाहा, म्हणजे संच एकाच घरचा आहे की ठिकठिकाणची मापं गोळा केली आहेत ते कळतं. 'जर्मन सिल्व्हर'च्या वस्तूंत चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण असतं. तबकाच्या किंवा चमच्याच्या मागे 'ईपीएनएस' अशी इंग्रजी अक्षरं असतील, तर चांदीचा फक्त मुलामा आहे.

वय सांगणाऱ्या खुणा

विकणारा "शंभर वर्षं जुनं आहे" असं म्हणणारच. तो खोटंच बोलतो असं नाही, त्याला त्याच्या आधीच्याने तसं सांगितलेलं असतं. आपण वस्तूलाच विचारायचं.

भांड्यांवर नावं घालायची आपल्याकडची रीत यासाठी फार मोलाची आहे. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात दिलेल्या भांड्यावर कोणी, कोणाला, कधी दिलं ते टोचून लिहिलेलं असतं. साल शके असेल तर त्यात 78 मिळवा: शके 1850 म्हणजे 1928. जानेवारी ते फाल्गुन या काळातली तिथी असेल तर 79 मिळवा. ही अक्षरं मला शोभेच्या नक्षीपेक्षा जास्त आवडतात. नाव घातलेलं भांडं लोक अपशकुनी किंवा परकं समजून टाळतात, त्यामुळे ते स्वस्तही मिळतं. जरूर घ्या.

छापील वस्तू, डबे, पाट्या आणि वेष्टनं यांवर किंमत बघा. आणे आणि पै असतील तर वस्तू बहुधा 1 एप्रिल 1957च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असं छापलेलं असेल तर 1957 ते 1964 हा काळ. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर वस्तू 15 ऑगस्ट 1972 नंतरची. नुसतं 'पुणे 2' किंवा 'मुंबई 4' असेल तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, नंतरही बरीच वर्षं लोक तसंच छापत होते. 'मुंबई राज्य' असा उल्लेख असेल तर 1 मे 1960च्या आधी जा.

मराठी वाचणाऱ्याला आणखी एक खूण मिळते. 'नाहीं', 'कांहीं', 'येथें', 'घरांत' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसले, तर छपाई बहुधा 1962च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची किंवा जुन्या वळणाच्या छापखान्याची. पोथ्या आणि स्तोत्रांच्या पुस्तिका नंतरही जुन्या लेखनात निघत राहिल्या, त्यांना हा निकष लावू नये.

चिनी मातीच्या वस्तूंची पाठ बघा. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या 1945 ते 1952 या काळातला. 'वेस्ट जर्मनी' असेल तर 1949 ते 1990.

पुस्तकं, मासिकं, चित्रं

आधी मुखपृष्ठ, मग आतल्या पानाच्या पाठीमागची आवृत्तीची नोंद, मग पहिलं कोरं पान. त्या कोऱ्या पानावर लेखकाची सही, वाचनालयाचा शिक्का, शाळेतल्या बक्षिसाची चिठ्ठी असं काहीही असू शकतं. मग पुस्तक उभं धरून अलगद झटका, आतून पत्रं, बसची तिकिटं, वाळलेली पानं पडतात.

मराठीतला न ओळखला जाणारा ठेवा म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरवर्षी निघत आलेले हे अंक रद्दीत किलोने जातात. चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असलेला अंक पन्नास वर्षांपूर्वीचा असूनही कधी कधी चालू वर्षाच्या अंकापेक्षा स्वस्त मिळतो. घेताना मधली पानं, विशेषतः रंगीत चित्रांची, फाडून काढलेली नाहीत ना एवढं बघा. जाहिरातीही वाचा, त्या काळचे साबण, औषधं, सायकली सगळं तिथे आहे.

देवादिकांच्या जुन्या चित्रांसाठी भिंग लागतं. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून छापलेल्या चित्रात भिंगाखाली रंगाचे कण ओबडधोबड, अनियमित दिसतात. हल्लीच्या ऑफसेट छपाईत ठिपके एका ओळीत, नेमक्या जाळीसारखे असतात. चौकट जुनी आणि आतलं चित्र नवं हा प्रकार चोर बाजारात सर्रास आढळतो, म्हणून चौकटीवरून चित्राचं वय ठरवू नका.

यंत्रं: घ्यावीत का?

नवख्याने जपून. दुरुस्ती करणारा माणूस आधी शोधा, मग यंत्र घ्या.

मोठा चकचकीत पितळी कर्णा असलेला ग्रामोफोन बाजारात दिसतो, तो बहुतेक वेळा नव्याने जुळवलेला असतो. लाकूड नवं, कर्णा नवा, फक्त चकती फिरवणारं यंत्र कुठलं तरी जुनं. बैठकीत शोभेला हवा असेल तर घ्या, पण शोभेच्याच भावात. ऐकण्यासाठी पेटीसारखा मिटणारा एचएमव्ही 102 जास्त भरवशाचा. त्यावर वाजणाऱ्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या असतात, हातातून पडल्या की संपल्या, आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्याला सुरू झालं. अगदी सुरुवातीच्या काही तबकड्यांत गाणं संपताना गायक-गायिका स्वतःचं नाव सांगतात. मराठी नाट्यपदांच्या तबकड्या अजून मिळतात. तबकडी तिरकी धरून प्रकाशात बघा: खाचा राखाडी दिसत असतील तर ती घासून घासून वाजवलेली आहे. कडेपासून आत गेलेली चीर नखाला लागते. पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते.

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ, मर्फी असो की फिलिप्स, घरी आणल्या आणल्या विजेला जोडू नका. आतले कपॅसिटर निकामी झालेले असतात, धूर निघतो, क्वचित आगही लागते. जाणकाराकडून तपासून घ्या. रेडिओला पूर्वी परवाना लागायचा, टपाल खात्याचे शिक्के असलेली ती परवान्याची पुस्तिका कधी कधी रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यात खोचलेली असते. विकणाऱ्याने ती कागद म्हणून टाकून देण्याआधी मागून घ्या.

कॅमेऱ्यांत सगळ्यात सोपा आग्फा क्लिक थ्री. साधा डबा, 120 या मापाच्या एका रिळात बारा चौरस फोटो. भिंग उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना ते बघा, आणि मागचं झाकण घट्ट बसतं का ते तपासा.

एचएमटीच्या किल्लीच्या घड्याळांना आता मागणी आहे, त्यामुळे तबकडी नव्याने रंगवलेली घड्याळं ढिगाने आली आहेत. भिंगाखाली अक्षरं जाड, फुटलेली किंवा वाकडी दिसली, किंवा रंग कधी न पाहिलेला भडक असला तर ते रंगकाम आहे. फिकट पडलेली, किंचित डागाळलेली मूळ तबकडी त्याहून कितीतरी बरी.

कंदील मात्र बिनधास्त बघा म्हणेन. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील पूर्वी घरोघरी होता. नाव उठावात असलेला, मूळ काचेसकट मिळाला तर सोडू नका.

नाण्यांबद्दल थोडक्यात. राम-सीता-हनुमान असलेली 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' ची तांब्याची 'चमत्कारी' नाणी ही नाणी नव्हेतच, बाजारासाठी पाडलेल्या चकत्या आहेत. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो, ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोला. 1947चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, चुंबकाला चिकटतो, चांदीच्या भावाने घेऊ नका. शिवराई तांब्याची, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. झिजलेली शिवराई परवडण्याजोगी मिळते. ओतून केलेल्या नकली नाण्यावर बारीक छिद्रं आणि कडेला सांध्याची रेघ असते. रस्त्यावर कोणी सोन्याचा होन देऊ केला तर चालू पडा.

भाव कसा करायचा

निघण्यापूर्वी भांड्यांच्या दुकानात तांब्या-पितळेच्या मोडीचा त्या दिवसाचा दर आणि नव्या भांड्याचा दर विचारून घ्या. भांड्याचं वजन गुणिले मोडीचा दर हा तुमचा खालचा आकडा. त्याच्या खाली मागणं अन्यायाचं, कारण तेवढे पैसे विकणाऱ्याला भंगारातही मिळतात. घडण, नाव, वय आणि तुमची आवड यांसाठी त्यावर किती द्यायचे ते मनाशी ठरवा आणि मगच तोंड उघडा.

पहिल्या वस्तूला हात घालू नका. जी हवी आहे ती दुसऱ्या-तिसऱ्या वस्तूसोबत उचला, सगळ्यांची किंमत विचारा आणि मग "दादा, हे दोन मिळून किती?" असं विचारा. एकत्र घेतलं की भाव खाली येतो. वस्तूची निंदा करून भाव पाडू नका. "काय हे भंगार" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला माल कोणी काढून दाखवत नाही. सकाळी तुम्ही पहिलेच असाल तर भवानीची वेळ आहे हे लक्षात ठेवा: रास्त भाव मिळतो, पण आकडा ठरल्यावर मागे फिरायचं नसतं. तुम्ही सांगितलेला आकडा समोरच्याने मान्य केला की वस्तू घ्यायलाच हवी, दिवसाच्या कोणत्याही वेळी. बाजार या शब्दावर चालतो.

पथारीवाल्यांशी बोला. यातले कित्येक जण दारोदार फिरून माल गोळा करतात. बोहारणी कपड्यांच्या बदल्यात भांडी देतात आणि जुनी वस्तू कोणत्या भागातल्या घरातून आली ते त्यांना नेमकं आठवतं. "मावशी, हे कुठून आलं?" या प्रश्नाला मिळालेलं उत्तर लिहून ठेवा, वस्तूइतकंच ते मोलाचं आहे.

कशाला हात लावायचा नाही

हस्तिदंत, सांबरशिंग, कासवाची पाठ, वाघनखाचं लॉकेट. आजोबांच्या काळात घराघरांत होत्या म्हणून त्या आज चालतात असं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. सांबरशिंगाच्या मुठीची काठी आणि सुरी अजून पथारीवर दिसते, तिथल्या तिथे ठेवून द्या.

देवळातल्या वस्तूंबाबत माझं मत कडक आहे. गावाचं किंवा देवाचं नाव असलेली घंटा, मुखवटा, पालखीची चांदी, शेंदराची पुटं असलेली मूर्ती, यांतलं काही समोर आलं तर घेऊ नका आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. एखाद्या गावाचा देव चोरीला गेलेला असू शकतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. बिलाशिवायचे मोबाइल, गाड्यांचे सुटे भाग आणि तांब्याच्या नव्या तारा यांनाही हेच लागू.

शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना, आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना पुरातन वस्तू आणि कलानिधी कायदा 1972 लागू होतो. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि पुरातन वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी नातेवाइकांसाठी जुनी समई किंवा मूर्ती घेणार असाल, तर ती पुरातन नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या. विमानतळावर वाद घालून उपयोग नाही.

लाकडी वस्तूला बारीक भोकं असतील तर ती पांढऱ्या कागदावर आपटा. ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, घरातल्या बाकीच्या लाकडात ती जाईल. जुन्या रंगवलेल्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, लहान मुलांच्या हातात देऊ नका.

घरी आणल्यावर

पितळ-तांब्याला पहिल्या दिवशी नुसतं साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. मग चिंच किंवा लिंबू-मीठ, हाताने, आणि लगेच धुऊन कोरडं करायचं. पॉलिशच्या यंत्रावर कधीही देऊ नका, टोचलेली नावं आणि मठारकामाचे ठोके पुसले जातात. खाचांतला काळेपणा तसाच राहू द्या.

स्वयंपाकाला वापरायचं असेल तर कल्हई हवीच, विशेषतः आंबट पदार्थांसाठी. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवलं जातं. कल्हईवाला आता फेरीला क्वचित येतो, तांबट आळीत किंवा जुन्या भांडी बाजारात चौकशी करा. कल्हई ताजी असताना भांडं घासायला तारेची घासणी वापरू नका. काशाच्या ताटात आंबट पदार्थ फार वेळ ठेवू नका.

पुस्तकं घरातल्या कपाटात थेट लावू नका, त्यांच्यासोबत कसर येते. प्रत्येक पुस्तक कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर बंदच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर बाष्प धरून पानं चिकटतात. मग सावलीत, पंख्याखाली, पानं सुटी करून वाळवायची.